सरकारी शब्दाची मुदत

डिसेंबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर दिल्लीहून तीन निर्णय जवळजवळ एकदमच निघाले. ७ तारखेला साखर कारखान्यांना सांगण्यात आले की यंदा उसाच्या रसापासून इथेनॉल करायचे नाही. ८ तारखेपासून कांद्याची निर्यात बंद झाली. त्याच सुमारास पिवळ्या वाटाण्यावरचे आयात शुल्क शून्यावर आणले गेले. पाऊस कमी झाला होता, महागाईची धास्ती होती आणि लोकसभेची निवडणूक चार महिन्यांवर आली होती. निर्णय सरकारच्या अधिकारातलेच होते. पण ते ज्या दिवशी निघाले त्या दिवशी शिवारात काय चालले होते, ते पाहायला हवे. नाशिक आणि नगरकडे लाल कांद्याची काढणी चालू होती. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन्महिने टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. कारखान्यांचे गाळप सुरू होऊन महिना उलटला होता, आणि त्यातल्या अनेकांनी केंद्राच्याच २०१८ च्या व्याज सवलत योजनेवर विसंबून कर्ज काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारलेले होते. मराठवाड्यात आणि विदर्भात हरभऱ्याचा पेरा होऊन गेला होता. बेसनात आणि डाळीत पिवळा वाटाणा हरभऱ्याचीच जागा घेतो. या तिघांपैकी कुणाच्याही हातात त्या दिवशी आपला निर्णय बदलण्याची सोय उरलेली नव्हती. पैसा जमिनीत गेला होता, आणि नियम त्यानंतर बदलले होते.

शेतीच्या धोरणावर आपल्याकडे जे वाद होतात ते बहुतेक ‘किती’ या शब्दाभोवती फिरतात. हमीभाव किती, अनुदान किती, कर्जमाफी किती लाखांपर्यंत. ‘किती काळ’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझ्या मते विकसनशील देशात शेती बळकट करण्याच्या दृष्टीने हाच प्रश्न आधी विचारायला हवा. शेती हा असा उद्योग आहे की ज्यात खर्च आधी होतो आणि भाव नंतर कळतो. सोयाबीनला साडेतीन महिने, तुरीला सहा-सात महिने, उसाला बारा ते अठरा महिने, आंब्याला पाच-सात वर्षे. या मधल्या काळात पाऊस काय करेल हे कुणाच्याच हाती नाही. मात्र आयात-निर्यातीचे नियम, साठ्याच्या मर्यादा आणि खरेदीचे आदेश माणसांच्या हाती असतात, आणि ते पिकाच्या कालावधीपेक्षा कमी टिकणार असतील तर त्यांच्यामुळे शेतकऱ्याच्या वाट्याला एका पावसाळ्याऐवजी दोन पावसाळे येतात. दुसऱ्या पावसाळ्याचा तर अंदाजही कुणी वर्तवत नाही.

तुरीचे उदाहरण यासाठी मुद्दाम सविस्तर घ्यावे असे आहे. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन दुष्काळी वर्षांनंतर तूरडाळ शहरांत किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. सरकारने डाळींचा पेरा वाढवण्याचे आवाहन केले, २०१६-१७ साठी तुरीचा हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल जाहीर केला, डाळींचा राखीव साठा करण्याचे ठरवले. पाऊसही चांगला झाला. शेतकऱ्यांनी हाकेला दिलेला प्रतिसाद आकड्यांत स्पष्ट दिसतो: देशातले तुरीचे उत्पादन एका वर्षात सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांवर गेले. आपल्या शेतकऱ्याला नवे काही नको असते, तो रूढीला चिकटून असतो, असे अजूनही मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. परंतु ज्या वर्षी देशात विक्रमी तूर पिकत होती, त्याच वर्षी देशाने ६० लाख टनांहून अधिक डाळी-कडधान्ये बाहेरूनही आणली. मोझांबिकशी तूर आयातीचा करार त्याच वर्षी झाला. व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा होती, म्हणजे माल घेऊन ठेवणारा कुणी नव्हता. डाळींची निर्यातही बंद होती, म्हणजे माल बाहेर जायला वाट नव्हती. २०१७ च्या सुरुवातीला तूर बाजारात आली तेव्हा भाव हमीभावाच्या खाली घसरला होता. महाराष्ट्रातल्या खरेदी केंद्रांसमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. बारदाना संपला म्हणून काटे बंद राहिले, गोदामे भरली म्हणून मोजमाप थांबले. आयातीवर मर्यादा आली ती त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आणि निर्यात खुली झाली सप्टेंबरमध्ये. तोवर बहुतेकांची तूर विकली गेली होती.

इथे कुणी एकाने फसवले असे म्हणता येत नाही. कृषी खाते पेरा वाढवू पाहत होते, ग्राहक खाते भाव उतरवू पाहत होते, वाणिज्य खाते आयात-निर्यातीचे दरवाजे आपल्या हिशेबाने उघडत-मिटत होते. प्रत्येक खात्यापुरते पाहिले तर निर्णयाला कारण होते. पण शेतकऱ्याला सरकार एकच दिसते. एका खात्याने दिलेला शब्द दुसऱ्या खात्याने मोडला तरी त्याच्या दृष्टीने शब्द देणाऱ्यानेच तो मोडलेला असतो, आणि पुढच्या खेपेला तो त्या शब्दाची किंमत कमी धरतो. पुढच्या काळात तुरीचा तुटवडा पुन्हा जाणवू लागला. मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा खुली करावी लागली आणि ती सवलत वर्षामागून वर्ष वाढत गेली. भाव पडला की पेरा कमी होतो, पेरा कमी झाला की भाव चढतो, भाव चढला की आयात होते आणि भाव पुन्हा पडतो. या चक्रात शेतकरी जितका भरडला जातो तितकाच डाळ विकत घेणारा मजूरही भरडला जातो.

कांद्याची गोष्ट वेगळी नाही, फक्त तिचा वेग जास्त आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये ती उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सुरू. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य आणि शुल्कासह परवानगी, सप्टेंबरमध्ये शुल्क निम्म्यावर, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. सहा वर्षांहून कमी काळातले हे फेरबदल आहेत. परदेशातला आयातदार अशा देशाला मुख्य पुरवठादार मानत नाही. तो पाकिस्तान, इजिप्त, चीन यांच्याकडे कायमची सोय करून ठेवतो. गेलेले गिऱ्हाईक बंदी उठल्याच्या दिवशी परत येत नाही, आणि हे नुकसान कुठल्याही पंचनाम्यात नोंदले जात नाही.

याच देशाने एकदा शब्द दिला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला, हेही सांगितले पाहिजे. १९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षे पाऊस ओढला होता. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले, आणि त्यातले बरेचसे अमेरिकेच्या मर्जीवर, बोटीमागून बोट असे येत होते. लालबहादूर शास्त्रींच्या मंत्रिमंडळात चिदंबरम सुब्रमण्यम अन्न आणि कृषिमंत्री होते. हरितक्रांती म्हटले की आपल्याला मेक्सिकोहून आलेले बुटक्या गव्हाचे बियाणे आठवते, आणि ते खरेच आले: १९६६ मध्ये १८,००० टन. पण त्याच्या आधी, जानेवारी १९६५ मध्ये, दोन संस्था उभ्या राहिल्या होत्या. भाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग आणि माल घेणारे भारतीय अन्न महामंडळ. नव्या बियाण्याला खत जास्त लागत होते, पाणी वेळेवर लागत होते, म्हणजे एकरी रोख खर्च वाढणार होता. पीक भरघोस आले तर भाव कोसळेल, ही भीती पंजाबच्या शेतकऱ्याला होतीच. चांगले पीक हीच आपत्ती ठरणार नाही, एवढी हमी त्या दोन संस्थांनी दिली. गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मध्ये सव्वा कोटी टनांच्या आत होते. १९७०-७१ मध्ये ते २ कोटी ३८ लाख टनांपर्यंत गेले. बियाणे संशोधकांचे, घाम शेतकऱ्यांचा, हे खरेच आहे. पण भराभर कूपनलिका खोदल्या गेल्या त्या पुढच्या वर्षीही खरेदी होईल या खात्रीवर. आणि ती खरेदी पुढच्या वर्षी झाली, त्याच्या पुढच्या वर्षीही झाली, आजही होते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पंजाबमधूनच येतो. शाश्वती इतकी चांगली असेल तर पंजाबचे भूजल का आटले? मुळात जिथे भात हे मुख्य पीक नव्हते तिथे भाताखाली लाखो हेक्टर जमीन गेली, कारण खरेदीची खात्री गहू आणि भात या दोनच पिकांना होती. १९९७ पासून शेतीला वीज मोफत झाली, मग पंप थांबवण्याचे कारणच उरले नाही. पाणी वाचवण्यासाठी २००९ मध्ये कायदा करून भाताची रोवणी १० जूनपर्यंत लांबवली, तर कापणीही लांबली. गव्हाच्या पेरणीला हाती थोडेच दिवस राहिले आणि काड जाळणे हाच स्वस्तातला मार्ग उरला. दिल्लीच्या हवेपर्यंत पोचलेली ही साखळी शाश्वतीच्याच एका टोकातून निघाली आहे, हे मी नाकारत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात उसाचेही तेच झाले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाचे पैसे चौदा दिवसांत देण्याचे बंधन कारखान्यावर घातले, किमान दर कायद्याने ठरला, कारखाना घेणार हे ठरलेले. राज्याच्या पीकक्षेत्रात ज्याचा वाटा लहान आहे असे हे पीक सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा पिते, तेही अवर्षणप्रवण तालुक्यांत. ऊस लावणाऱ्याला त्याबद्दल आळशी किंवा हावरा म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या एका पिकाला गिऱ्हाईक आणि दर दोन्ही बांधलेले आहेत तेच तो लावतो आहे. ज्वारीला, करडईला, तुरीला तसे कुणी बांधून दिलेले नाही.

तेव्हा या आक्षेपातून निघणारा अर्थ मी उलटा लावतो. शाश्वती कुचकामी असती तर तिच्यामागे इतकी जमीन आणि इतके पाणी वाहत गेलेच नसते. ती अतिशय प्रभावी आहे, म्हणूनच कुठल्या पिकाला, कुठल्या जमिनीवर आणि कशाच्या बदल्यात ती द्यायची हे फार विचाराने ठरवावे लागते. शांता कुमार समितीने २०१५ च्या अहवालात म्हटले होते की हमीभावाने सरकारी संस्थांना माल विकण्याचा लाभ देशातल्या जेमतेम सहा टक्के शेतकऱ्यांना होतो. हमीभाव मात्र तेवीस पिकांचा जाहीर होतो. वीसेक पिकांचा भाव छापायचा आणि दोन-तीन पिकेच भरवशाने घ्यायची, यामुळे जमिनी भात-गहू-उसाकडे ओढल्या गेल्या. आता त्याच जमिनींना ‘पीकबदल करा’ असे सांगून भागणार नाही.

पाण्याशी भांडण न करता शाश्वती कशी देता येते, याचा एक धडा महाराष्ट्रातच आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. १९७२ च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमीची कामे उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या कपातीतून गावातल्या मजुरीची तरतूद झाली. वर्षागणिक अर्थसंकल्पाच्या दयेवर ती योजना राहिली नाही, हे तिच्या टिकण्याचे मोठे कारण. १९९० मध्ये फळबाग लागवड या हमीशी जोडली गेली. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात खड्डे खणायचे, कलमे लावायची, ती जगवायची. कलमांचा, खताचा खर्च आणि मजुरी सरकारची. रक्कम एकदम हाती द्यायची नाही, तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि ठरलेल्या प्रमाणात झाडे जिवंत असतील तरच पुढचा हप्ता. ही अट फार शहाणपणाची होती. फळझाड लावणाऱ्याची खरी अडचण पहिली तीन-चार वर्षे असते: जमीन अडकलेली, उत्पन्न शून्य. सरकारने नेमकी तीच वर्षे आपल्या खांद्यावर घेतली, आणि झाड उत्पन्न देऊ लागले की बाजूला झाले.

परिणाम असा की फळबागांखालचे क्षेत्र १९९० च्या आधी सुमारे अडीच लाख हेक्टर होते, ते पुढच्या पंधरा वर्षांत दहा लाख हेक्टरांच्या वर गेले. कोकणात कातळावर आणि वरकस जमिनीवर आंबा-काजू आला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ सारख्या काजूच्या जाती तिथे तयारच होत्या. सोलापूर, सांगली, नाशिकच्या कोरड्या पट्ट्यात डाळिंब, बोर, सीताफळ आले. कृषी विद्यापीठांनी दिलेली जात, रोजगार हमीने दिलेली मजुरी आणि तीन वर्षांचा करार अशा तीन गोष्टी एकत्र आल्या. सगळे गोड झाले असे नाही: अनेक बागा पाण्याअभावी वाळल्या, काही कागदावरच राहिल्या, डाळिंबाला तेल्या रोगाने गाठले. पण त्या रोगानंतर डाळिंब उखडून टाका असे सांगणारा आदेश निघाला नाही. सोलापूरला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र काम करू लागले. चुका झाल्या तरी दिशा तीच राहते, अशी उदाहरणे आपल्या कृषी धोरणात थोडी आहेत.

हमी पेलवण्याइतकीच घ्यावी लागते, याचीही साक्ष महाराष्ट्रच देतो. १९७२-७३ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस फक्त सरकारला विकायचा, त्या बदल्यात हमी दर, आणि नफा झाला तर बोनस. कल्पना न्याय्य होती. पण दर पुढे पुढे बाजाराकडे न पाहता राजकीय दडपणाने ठरू लागला. बाहेर भाव जास्त असला की कापूस रातोरात शेजारच्या राज्यांत जाई, आणि भाव पडला की सगळा सरकारच्या गळ्यात येई. चांगल्या वर्षी शिल्लक टाकून वाईट वर्षी वापरायचा निधी अशा व्यवस्थेचा कणा असतो. तोच राहिला नाही. तोटा साचत गेला आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार उठवावा लागला. विदर्भाच्या कापूस उत्पादकासाठी सर्वांत वाईट गोष्ट ही घडली की आधार काढला गेला तो जागतिक बाजारात भाव पडलेले असताना. पैशाची तजवीज नसलेली हमी नेमकी अशाच वेळी तुटते.

आता ग्राहकाची बाजू. कांदा शंभर रुपये किलो झाला तर रोजंदारीवर जगणाऱ्या घरात भाजीची फोडणी बदलते, आणि कुठलेही सरकार त्याकडे पाठ फिरवू शकत नाही, फिरवूही नये. शेतकऱ्यांची बाजू मांडताना हा मुद्दा उडवून लावणारे स्वतःचाच दावा कमजोर करतात, कारण देशातल्या अल्पभूधारकांपैकी आणि शेतमजुरांपैकी पुष्कळजण स्वतः धान्य-भाजी विकत घेऊन खातात. प्रश्न हस्तक्षेप करावा की नाही हा नाहीच. तो कसा आणि केव्हा जाहीर करून करावा, हा आहे. निर्यात शुल्काची पट्टी पेरणीपूर्वीच जाहीर करता येते: भाव अमुक पातळीच्या वर गेला तर इतके शुल्क, त्याहून वर गेला तर इतके, उतरला तर आपोआप कमी. शेतकरी ते धरून कांद्याचे रोप टाकील, निर्यातदार ते धरून सौदा करील. आधी आकडा सांगितला तर साठेबाज त्याभोवती खेळ करतील, असे म्हणतात. थोडा खेळ होईल. पण त्यासाठीच तर सरकारच्या हाती राखीव साठा आहे. २०२३ मध्ये नाफेड आणि राष्ट्रीय ग्राहक सहकारी महासंघामार्फत पाच लाख टन कांद्याच्या साठ्याचे लक्ष्य ठेवले होते. आजच्या अचानक आदेशांत ज्याचा कान दिल्लीला लागलेला आहे अशा व्यापाऱ्याला जो फायदा मिळतो, त्याहून जाहीर नियमातला खेळ कमीच. आणि दुष्काळ, युद्ध अशी खरीच निकड आली व पेरणीनंतर नियम मोडावाच लागला, तर त्या हंगामाचे पीक ज्यांच्या हाती आहे त्यांना फरकाची रक्कम द्यावी. देशाच्या गरजेसाठी रस्त्याला जमीन घेतली तर आपण मोबदला देतो; देशाच्या गरजेसाठी भाव पाडला तर तोही द्यायला हवा. मात्र तो कसा द्यायचा याची काळजी हवी. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना आणली तेव्हा सरकार फरक भरणारच आहे म्हणून व्यापाऱ्यांनी भाव आणखी पाडले, अशी टीका झाली होती.

एवढा पैसा आणायचा कुठून, हा पुढचा प्रश्न. पैसा शेतीच्या नावावर आजही खर्च होतोच. २०२२-२३ मध्ये खतांचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. केंद्राच्या कृषी संशोधन आणि शिक्षण विभागाची वर्षाची तरतूद साधारण दहा हजार कोटींच्या आसपास असते. युरियाचा दर बांधलेला आणि इतर खते त्यामानाने महाग, म्हणून शेतात नत्र गरजेपेक्षा जास्त पडते. उत्पादन वाढत नाही, जमीन मात्र बिघडते. अर्थतज्ज्ञ शेंगेन फॅन, अशोक गुलाटी आणि सुखदेव थोरात यांनी भारतातल्या सरकारी खर्चाचा अनेक दशकांचा हिशेब मांडला तेव्हा संशोधन, शिक्षण आणि ग्रामीण रस्ते यांवरच्या रुपयातून अनुदानांपेक्षा कितीतरी अधिक परतावा मिळाल्याचे दिसले. जालन्याजवळच्या बदनापूर केंद्राची बीडीएन-७११ ही तुरीची जात पाच महिन्यांच्या आसपास तयार होते, म्हणून परतीचा पाऊस दगा देतो तेव्हाही हाती काही लागते. अशी एक जात काढायला दहा-बारा वर्षे लागतात. शास्त्रज्ञांच्या जागा रिकाम्या ठेवून ती काढता येत नाही. कोरडवाहू शेतीला संशोधन लागते ते असे चिकाटीचे, आणि त्याचे श्रेय पुढच्या निवडणुकीपर्यंत हाती येत नाही म्हणून ते मागे पडते.

कर्जमाफीबद्दलही याच मापाने बोलावे लागेल. बुडणाऱ्याला हात द्यावा लागतो. २००८, २०१७ आणि २०१९ च्या माफ्यांनी कित्येक घरांना श्वास घेऊ दिला. पण २००८ च्या माफीत पूर्ण लाभाला दोन हेक्टरांची मर्यादा होती, आणि विदर्भातला तीन-चार हेक्टर कोरडवाहू जमिनीचा, पण बागायती दोन एकरवाल्याहून गरीब असलेला शेतकरी तिच्या बाहेर राहिला. शिवाय माफी कधी येईल, कुणाला लागू होईल हे आधी ठाऊक नसल्याने ती हिशेबात धरता येत नाही. उलट फेड लांबवावी की करावी या विचारात नियमित फेडणारा अडकतो आणि बँक पुढचे कर्ज द्यायला कचरते. पीकविम्याचे मूळ तत्त्व याच्या अगदी विरुद्ध, आणि म्हणून मला जास्त जवळचे आहे: आधी ठरलेला हप्ता, आधी ठरलेले संरक्षण. २०१६ च्या योजनेत खरिपाला दोन टक्के आणि रब्बीला दीड टक्का हप्ता शेतकऱ्याचा. व्यवहारात मात्र नुकसान ठरते महसूल मंडळाच्या सरासरीवर, आणि भरपाई बहुधा पुढची पेरणी उलटून गेल्यावर येते. मग महाराष्ट्राने २०२३ मध्ये शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला आणि २०२५ मध्ये ती सवलत काढून घेतली. हप्ता एक रुपया असावा ही मागणी शेतात सर्वांत मोठी नव्हतीच. पैसे पेरणीआधी मिळावेत, ही होती.

आणखी एक गाठ सुटल्याशिवाय यातले काहीही पुरेसे पोचणार नाही. बहुतेक योजनांचा दरवाजा सातबाऱ्यावरून उघडतो. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये ठरलेल्या तीन हप्त्यांत येतात. रक्कम लहान आहे, वर्षानुवर्षे वाढलेली नाही, तरी तिची नियमितता मोलाची आहे. पण ती जमिनीच्या मालकाला मिळते. बटाईने किंवा मक्त्याने जमीन कसणारा, ज्याचा करार तोंडी असतो, आणि नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावच्या शेतात राबणारी बाई, ही दोघे खर्चाची आणि पावसाची सगळी जोखीम घेतात. नोंद मात्र त्यांच्या नावाची नसते. हमीभावाच्या नोंदणीला, विम्याला, पीककर्जाला तेच. शब्द ज्याला द्यायचा तो माणूसच कागदावर नसेल, तर शब्दाची मुदत कितीही वाढवून त्याला काय मिळणार? कसणाऱ्याची हंगामी नोंद, मालकीला धक्का न लावता, झाली पाहिजे. मालकांना कूळ कायद्याची जी धास्ती आहे ती दूर करणारी कायदेशीर तरतूद केल्याशिवाय ती होणार नाही.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात डाळींसाठी सहा वर्षांची मोहीम जाहीर झाली. तूर, उडीद आणि मसूर या तीन डाळी नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांकडून नाफेड आणि ग्राहक महासंघ पुढची चार वर्षे, आणतील तितक्या घेतील, असे त्यात म्हटले आहे. एका हंगामापुरता नव्हे तर चार वर्षांचा शब्द डाळींना दिला गेला, ही खरोखर स्वागताची गोष्ट आहे. पण त्याच्या दोनच आठवडे आधी तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवली गेली होती, आणि त्या हंगामात ७,५५० रुपये हमीभाव असलेली तूर राज्यातल्या बाजार समित्यांत त्याखाली विकली गेली. चार वर्षांचा शब्द खरा होणार की नाही, हे आता ठरेल ते बारदाना वेळेवर आला का, काटा जानेवारीत लागला का, पैसे किती दिवसांत जमा झाले आणि आयातीची पुढची अधिसूचना पेरणीपूर्वी निघाली की नंतर, यावर. मृगाचा पाऊस पडला की मराठवाड्यातला शेतकरी सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी किती ठेवायच्या हे ठरवतो. चौथ्या वर्षी त्या ओळी वाढलेल्या असतील की घटलेल्या, एवढे मोजले तरी पुरे.